हर्णेची चाळीस मिनिटं

मृणालीचा फोन आला तेव्हा मी एका म्हाताऱ्याच्या आधार कार्डाच्या दोन्ही बाजू एका कागदावर बसवत होतो. रत्नागिरीत एसटी स्टँडच्या मागे माझं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म. मृणाली माझी धाकटी बहीण, सव्वीस वर्षांपूर्वी खेडला दिलेली. सकाळी ती कधी फोन करत नाही, सकाळी तिच्या दुकानात गिऱ्हाईक असतं. म्हणून नाव दिसल्याबरोबर वाटलं, आईला काही झालं की काय. आणि आई तर माझ्याच घरी, मघाशी तिच्याच हातचा चहा घेऊन निघालो होतो. "दादा, ऐक," ती म्हणाली, "योगिनीच्या हळदीला मोठा स्क्रीन लावणार आहेत. हल्ली लावतात ना तसा. तर आमच्या लग्नाची कॅसेट हवी. सगळी नको, कन्यादान तेवढं. आप्पा पाटावर बसलेत, भटजींच्या मागून म्हणतायत, मध्येच अडखळतायत, तेवढं. पोरीनं आजोबांना बघितलंच नाय. फोटोत आप्पा कसे, कुणीतरी धरून उभं केल्यासारखे. आवाज ऐकूदे तिला." मग म्हणाली, "तिचं नाव कशाला घेऊ, मलाच ऐकायचाय." मी माझं ठरलेलं वाक्य म्हटलं: बुरशी आलीय गो तिला. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की म्हणताना जीभ अडखळतसुद्धा नाही. पण या खेपेला तिच्याकडे उत्तर तयार होतं. खेडला एकजण आहे, तो बुरशी पुसून देतो, पेनड्राइव्हवर घालून देतो, मी येत्या रविवारी येते आणि घेऊन जाते. "नको!" मी म्हणालो, आणि इतक्या जोरात म्हणालो की म्हाताऱ्यानं काउंटरवरचा हात मागे घेतला. "बाहेर द्यायची नाय ती. मी इथंच करतो. मशीन बघतोच आहे मी." मी कसलंही मशीन बघत नव्हतो. फोन ठेवला तेव्हा म्हाताऱ्याचा चेहरा कागदावर अर्धाच आला होता. त्यानं तो मला दाखवला आणि मी दुसरी प्रत काढून दिली.

योगिनीच्या लग्नाला चोवीस दिवस होते. कॅसेट घरी कपाटात, आईच्या पातळांखाली, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेली. तिच्यावर काय उरलंय हे मला माहीत नव्हतं आणि ते माहीत करून घ्यायचं मी सव्वीस वर्षं टाळत आलो होतो. तेव्हा मी व्हिडिओ शूटिंग करायचो. खांद्यावर तो भलामोठा कॅमेरा, लग्नं, बारशी, शिमग्याच्या पालख्या. आमच्या धंद्यात एक रीत होती, कुणी शिकवलेली नाही पण सगळे पाळायचे: घरचं काम शेवटी. परक्याची कॅसेट आठ दिवसांत कोल्हापूरला मिक्सिंगला जायची, कारण परका दारात येऊन उभा राहतो. बहिणीच्या लग्नाची कॅसेट पिशवीत पडून राहते. मृणालीचं सगळं लग्न तीन तासांच्या एकाच कॅसेटवर होतं, अंतरपाटापासून पाठवणीपर्यंत, आणि काम झालं की कॅसेट मागे फिरवून ठेवायची माझी सवय होती. सवय चांगली होती, तिनंच घात केला. लग्नानंतर बाराव्या दिवशी मी हर्णेला गेलो. एका माणसाची नवी बोट पाण्यात उतरायची होती. मे महिना, रत्नागिरीत कोऱ्या कॅसेटी कुठल्याच दुकानात नाहीत, एकच मिळालेली, ती बंदरावर कॅमेऱ्यात अडकून चुरगळली. बोट दोरांवर, तीस-चाळीस माणसं खांदा लावून उभी, भटजींच्या हातात नारळ, भरती चढत आलेली, आणि मालक माझ्याकडे बघतोय. मी पिशवीतून मृणालीची कॅसेट काढली. मनाशी म्हटलं, हिच्या शेवटी जागा आहे, पुढे पळवून तिथे घेऊ. बॅटरी बोटीपुरतीच उरलेली, म्हणून चित्र न बघता नुसती पळवली, आणि खिडकीतून रिळाची जाडी नजरेनं मापून थांबवली. शेवट आला असं मला वाटलं. मग चाळीस मिनिटं बोट. महिन्याभरानं कोल्हापूरच्या मिक्सिंगवाल्यानं फोनवर सहज सांगितलं, "बोटीच्या आधी आणि नंतर कुणाचं तरी लग्न आहे बघा त्यात." नंतर आहे, म्हणजे बोट मध्ये घुसली. कशाच्या मध्ये, हे मी विचारलं नाही. तेव्हा आप्पा जिवंत होते, समोर ओटीवर बसून पेपर वाचत होते, त्यामुळे ते तितकंसं महत्त्वाचं वाटलं नाही. दीड वर्षानं आप्पा गेले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मृणालीनं पहिल्यांदा कॅसेट मागितली आणि मी म्हटलं, बुरशी आलीय. तेव्हा आली नव्हती. आता खरोखरच आली आहे, खिडकीतून रिळाच्या कडेला पांढरी पूड दिसते.

मी मशीन बघायला लागलो. थाप मारली होती ती खरी करण्यासाठी म्हणून सुरुवात केली, आणि दोन दिवसांत त्यात पार बुडालो. काउंटरवर मोबाइल उभा करून, एका हातानं फॉर्म भरत, मी जगभरच्या म्हाताऱ्यांनी लिहिलेलं वाचू लागलो. माझ्यासारखेच लोक, कुणाकडे बायकोची कॅसेट, कुणाकडे मेलेल्या मुलाची. सगळ्यात स्वस्त काय, तर एक बोटाएवढी डोंगल: एका बाजूनं तीन रंगांच्या वायरी घुसवायच्या, दुसरी बाजू कॉम्प्युटरला. किलोभर सुरमईच्या किमतीत घरपोच. पण जुन्या टेपचं चित्र डगमगतं आणि ते डगमगलं की डोंगल तेवढं चित्र गिळून टाकते, असं सगळे लिहीत होते. कॉम्प्युटरच्या आत बसवायचं जुनं कार्ड घ्यावं तर ते चालवायला जुनं विंडोज हवं. मुंबईच्या लॅबला द्यावं तर दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर ते उघडं पडणार. आणखी एक उपाय एका माणसानं फार प्रेमानं समजावून लिहिला होता: डिजिटल कॅसेटवाला एखादा जुना हँडीकॅम घ्या, व्हीसीआरचं चित्र त्यात घाला, तो ते सावरतो, आणि त्याच्यातून एका वेगळ्या जाड वायरीनं कॉम्प्युटरमध्ये न्या, त्यासाठी कॉम्प्युटरला छोटं कार्ड बसवावं लागतं, ते शंभर ठिकाणी स्वस्तात पडून असतं. तासाला तेरा जीबी जागा खातं. मी वहीत लिहून ठेवलं. वही काढल्यावर मला बरं वाटलं, काहीतरी चाललंय असं वाटलं. खरं म्हणजे जोवर मशीन ठरत नव्हतं तोवर कॅसेट लावायची नव्हती, आणि हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

इथल्याच शिवाजीनगरला दीपक जुने कॉम्प्युटर विकतो. पस्तिशीचा आहे, कामात हुशार, बोलायला फटकळ. "काका, घेणार काय नुसतं विचारणार?" तो म्हणाला, कारण मी तिसऱ्यांदा गेलो होतो. मी त्याला रिळाच्या कडेचा मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला. त्यानं तो बोटांनी मोठा केला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवत बघितला. "हे एकदाच चालेल असं समजून चला," शेवटी म्हणाला. "दुसऱ्या खेपेला बुरशी व्हीसीआरच्या हेडवर चिकटते, टेप ओरबाडते. स्वस्तातलं घ्या, पण असं घ्या की पहिल्या फेरीत सगळं उतरलं पाहिजे. कुणाची आहे?" बहिणीच्या लग्नाची, मी म्हटलं. "मग काय, गोड काम आहे," तो म्हणाला. गोड काम! मला त्याच्या काउंटरवरचे सगळे माऊस उचलून रस्त्यात फेकावेसे वाटले. मी डोंगल घेऊन परत आलो. हँडीकॅमचं वाचूनही डोंगलच घेतली, कारण ती फसेल आणि चार दिवस जातील.

ती फसलीच. आप्पांनी सिंगापूरहून आणलेला व्हीसीआर मी पोटमाळ्यावरून काढला होता, त्याचा पट्टा बदलून घेतला होता, हेड स्पिरिटनं पुसले होते. मृणालीच्या कॅसेटला हात न लावता मी पोटमाळ्यावरच्या, कुणी न नेलेल्या, लोकांच्या कॅसेटी लावून बघत होतो. एका साळव्यांच्या लग्नात नवरी दर दोन मिनिटांनी नाहीशी व्हायची आणि ओठ हलून झाल्यावर मंगलाष्टका ऐकू यायच्या. शेवटी शेवटी तर भटजी जेवायला बसले तरी मागे "सावधान" चालूच होतं. एरवी मी हसलो असतो. आई मागे येऊन उभी राहिली होती. आई, मालन, ब्याऐंशीची, कान शाबूत, डोळे अर्धे. "कुणाचा ह्या लगीन?" तिनं विचारलं. मी सांगितलं. "लोकांची लग्ना बघत बसलास. मृणाचा लाव ना." आधी मशीन ठरूदे, मी म्हटलं. ती परत आत निघाली, उंबऱ्याशी थांबली आणि म्हणाली, "मशीन निवडतोस काय दिवस ढकलतोस?" मी पुढची कॅसेट आत ढकलली.

त्या दिवसांत मी आप्पांचा आवाज आठवायचा प्रयत्न करायचो. दुकानात, रस्त्यात, आंघोळ करताना. आप्पा बोटीवर खलाशी होते, वर्षातले दहा महिने नसायचे, मग दोन महिने ओटीवर पाहुण्यासारखे बसायचे. त्यांची वाक्यं मला पाठ आहेत. "नळ बंद केलास काय?" "आईला विचार." "बघू." पण ती आठवली की माझ्याच आवाजात आठवायची. मी डोळे मिटून त्यांचा चेहरा आणायचो, मग तोंड उघडायला लावायचो, आणि आतून मीच बोलायचो. एका माणसाबरोबर अठ्ठावीस वर्षं काढली, भले त्यातले दरवर्षीचे दहा महिने वजा करा, आणि त्याचा आवाज माझ्याकडे उरलेला नाही. मृणालीकडे तरी आहे काय? तिला तो अडखळणारा संकल्प आठवतो म्हणजे आवाज आठवतो काय, की अडखळणं तेवढं आठवतं? आणि जर तो आवाज जगात एकाच जागी असेल, त्या पांढरी पूड धरलेल्या रिळात, आणि त्याच जागेवर मी एका परक्याची बोट नेऊन उभी केली असेल, तर मी नेमकं काय पुसलं? असा विचार आला की मी घाईघाईनं मोबाइल उघडायचो आणि हार्ड डिस्कच्या किमती बघत बसायचो. पाचशे जीबी की एक टीबी याचा हिशेब करत असायचो.

दीपकनंच हातखंब्याचा पत्ता दिला. नाक्यावर रितेश नावाच्या माणसाचं हॉटेल आहे, त्याच्याकडे हँडीकॅम पडून आहे म्हणे. मी गेलो. हायवेच्या कामाची धूळ, उभे ट्रक, वडे तळल्याचा वास, आणि काउंटरवर रितेश एका फडक्यात गुंडाळलेला कॅमेरा सोडतोय. आपल्याकडे विकल्या गेलेल्या पुष्कळ हँडीकॅमना चित्र बाहेर देता येतं, आत घेता येत नाही. ही एक गोष्ट मी तीन रात्री वाचून पाठ केली होती. मी मेनू उघडला. आत घ्यायची सोय नसेल तर? तर आणखी आठ दिवस. मी मनातल्या मनात चक्क नवस बोलत होतो, नसू दे म्हणून. होती. "चालतो काय?" रितेशनं विचारलं. चालतो, मी म्हटलं, आणि माझा चेहरा बघून तो म्हणाला, "मग असं काय करताय, सुजयभाऊ? कमी करू काय थोडे?" त्यानं खरंच कमी केले. दीपककडून कार्ड मिळालं, जुनी डिस्क मिळाली, आणि लाईट गेली तर म्हणून एक वापरलेला यूपीएस. दुकानातला जुना कॉम्प्युटर मी घरी आणला. साळव्यांची नवरी आता पहिल्यापासून शेवटपर्यंत जागच्या जागी राहिली. निवडण्यासारखं काहीही उरलं नाही. लग्नाला नऊ दिवस होते.

गुरुवारी दुकान बंद ठेवलं. नाश्ता झाल्यावर जेवणाच्या टेबलावर जुनं धोतर पसरलं, नाकाला फडकं बांधलं, कॅसेटचे पाच स्क्रू काढले आणि रिळाच्या कडा हलक्या हातानं पुसल्या. पूड फडक्यावर यायची, तिला ओलसर कपाटाचा वास होता. अकराच्या सुमाराला कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली, कॉम्प्युटरवर लाल खूण सुरू झाली, आणि चित्र आलं. हिरवट, कडेला थरथरणारं, पण आलं. मांडव. बावीस वर्षांची मृणाली, डोक्यावर मुंडावळ्या, कुणालातरी हसून काहीतरी सांगतेय. मी खुर्चीच्या कडेवर बसलो होतो. दहा-बारा मिनिटं झाली असतील, तेवढ्यात फाटक वाजलं आणि खरी मृणाली आत आली, अठ्ठेचाळीस वर्षांची, दोन्ही हातांत साड्यांच्या पिशव्या. "दुकान बंद दिसलं म्हणून इकडं आले," ती म्हणाली आणि पडद्याकडे बघून तिथंच थांबली. पिशव्या खाली ठेवल्या. चप्पल न काढता ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली. "चालू केलीस? मला न सांगता?"

माझं बोट बटणापाशी गेलं. थांबवली असती तर टेप हेडवर चिकटली असती. हे कारण खरं होतं, आणि ते खरं असल्याचा मला राग आला. मी हात मागे घेतला. अंतरपाट. मंगलाष्टका. अक्षता कॅमेऱ्याच्या काचेवर आदळत होत्या. एकदा आप्पांची पाठ दिसली, नव्या धोतरातली, मांडवाच्या खांबाशी कुणाला तरी काहीतरी आणायला पाठवताहेत, आणि ताशाच्या आवाजात त्यांचं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. "आता येईल," मृणाली म्हणाली. "आता पाट मांडतील." पाट मांडले. आई येऊन बसली, आजच्यापेक्षा कितीतरी तरुण, मळवट भरल्यासारखी लाल. ताशा थांबला. भटजींनी हातानं बोलावलं, आणि आप्पा डावीकडून आले, धोतराचा सोगा सावरत, सगळ्यांकडे बघत, जरासे घाबरलेले. आप्पा पाटावर बसायला वाकले. ते बसले नाहीत. पडदा एकदा फाटल्यासारखा झाला आणि समुद्र आला. भगव्या पताका लावलेली निळी बोट, ओरडणारी माणसं, वाऱ्याची घरघर.

"हे काय?" मृणाली म्हणाली. "हे कुणाचं?" मी सांगितलं. सगळंच सांगितलं, बारावा दिवस, अडकलेली कॅसेट, नजरेनं मापलेलं रीळ, कोल्हापूरचा फोन. सांगताना मी पडद्याकडेच बघत होतो, तिच्याकडे बघण्याची माझ्यात हिंमत नव्हती. समोर भटजी बोटीच्या नाळेला, तिच्या पुढच्या टोकाला, कुंकू लावत होते. "पुसलंस तू," ती म्हणाली. हो, मी म्हटलं. "आणि मला बुरशी सांगितलीस." हो. "आप्पांच्या तेराव्यापासून." हो. तिचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर बरं झालं असतं. ती लहानपणी चिडली की वस्तू फेकायची, तसं काहीतरी फेकलं असतं तर बरं झालं असतं. "बंद कर ते," ती म्हणाली. मी म्हटलं, बंद केलं तर टेप तुटेल, पुढे अजून लग्न आहे. "पुढं काय आहे?" मला माहीत नाही, मी म्हटलं, आणि हेही खरं होतं. मग आम्ही दोघं भाऊबहीण शेजारी बसून हर्णेची बोट पाण्यात उतरताना बघत राहिलो. माणसं ढकलत होती, बोट वाळूवर अडत होती, पुन्हा ढकलत होती. मालकाची बायको हळदीकुंकू घेऊन पाण्यात गुडघाभर उभी. एक माणूस कॅमेऱ्यात बघून उगाच हात हलवत होता आणि हलवतच राहिला. आईनं आतून विचारलं, मृणा आली काय, जेवायला थांबेल काय. मृणालीनं डोळे पुसले नाहीत, रडलीच नाही. ती मिनिटं मोजत असावी. लाल खुणेशेजारचे आकडे पुढे सरकत होते आणि प्रत्येक आकड्यागणिक आप्पा पाटावर बसून, संकल्प सांगून, पाणी सोडून, उठून निघून जात होते.

चाळिसाव्या मिनिटाला बोट तरंगली, टाळ्या झाल्या, पडद्यावर पांढरे पट्टे आले आणि मग संध्याकाळ. आमचंच अंगण. पाठवणी. गाडीच्या टपावर ट्रंक बांधलेली, बायकांचा घोळका, आणि मध्ये मृणाली आईच्या गळ्यात. तिच्या तोंडावर प्रखर उजेड. तेव्हा आमच्याकडे हॅलोजन धरायला सदू असायचा, पण सदू त्या वेळी जीपमधून पुढे खेडला गेला होता, गृहप्रवेशाला लाईट लावायला. "आप्पा कुठायत?" शेजारून मृणाली म्हणाली. ती पुढे झुकून घोळक्यातला एकेक चेहरा शोधत होती. "बघ, कुठंच नाहीत. तेव्हापण मी शोधत होते, दादा. समोर नुसता उजेड होता, त्याच्या मागचं काय दिसत नव्हतं. मला वाटलं, आप्पा मला सोडायला आलेच नाहीत. गाडीत बसल्यावर खेडपर्यंत मला तेच वाटत होतं." पडद्यावरचा उजेड हलला. तिच्या कपाळावरून घसरला, आईच्या खांद्यावर गेला, परत तिच्यावर आला, आणि थरथरत राहिला. मग एक आवाज आला, चिरका, अधिकार गाजवणारा. तो माझा होता. "लाईट हलतोय! नीट धरा ना, आप्पा."

"धरलाय रे. धरलाय."

इतक्या जवळून, की मी मागे वळून पाहिलं. लाईट धरणारा कॅमेऱ्याला चिकटून उभा राहतो, माइकच्या अगदी तोंडाशी. रडणाऱ्या बायकांपेक्षा, गाडीच्या हॉर्नपेक्षा तो आवाज मोठा होता. जाड, थोडा घोगरा, शेवटचं अक्षर गिळणारा. असा होता तर. मी हे पार विसरलो होतो, की दिवा त्यांच्या हातात मीच दिला होता; नवरीचा बाप, आणि मी त्यांना म्हटलं होतं, जरा हे धरा. मृणालीनं माझं मनगट पकडलं, नखं रुतली. पडद्यावरची मृणाली उजेडाकडे बघत होती, डोळे बारीक करून, कपाळावर हाताचा आडोसा धरून, कुणाला तरी शोधत. उजेड पुन्हा हलला. नाक ओढल्याचा आवाज आला. "माझ्याकडं वळवू नको हां," आप्पा म्हणाले. "तिच्याकडंच ठेव." आई स्वयंपाकघरातून बाहेर आली होती, पिठाचे हात तसेच, आणि भिंतीला धरून उभी होती. गाडीचं दार लागलं. गाडी वळली, तांबडे दिवे फाटकातून बाहेर गेले. उजेड खाली आला, जमिनीवर, कुणाच्यातरी अनवाणी पायांवर. आता चित्रात फक्त अंगणातली तांबडी माती आणि ते पाय. आणि अगदी हळू, मला नव्हे, कुणालाच नव्हे अशा तऱ्हेनं, आवाज आला:

"गेली काय?"

आणि खट्ट करून चित्र संपलं. पुढे नुसती मुंग्यांसारखी खरखर. मी फाइल सेव्ह केली. दोनदा बघितलं, सगळं उतरलं होतं, आवाजासकट. मृणालीनं माझं मनगट सोडलं नव्हतं.

"तू काय सांगितलंस त्यांना?" तिनं विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "बॅटरी वाचवायची म्हणून कॅमेरा बंद केला."